सर्व उत्तम, ओव्हर!

...आणि वर मलाच म्हणतात, ‘तुमचं काय बाई, टाळेबंदीत स्वतःच्या शिडाच्या बोटीवर राहिलात, मज्जा!’ मजा? अहो, ज्या घरात कपाट उघडायचं तर आधी नवऱ्याला उठवावं लागतं, कारण तो त्या कपाटावरच झोपलेला असतो, त्या घरातल्या मजेची आपण आधी व्याख्या करून घेऊ या! मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलंय, व्याख्येशिवाय मी पुढे सरकत नाही. तर व्याख्या: एक खोली, ती डुलते, एक नवरा, तोही डुलतो, वर शीळ घालतो, आणि समोर, हाकेच्या अंतरावर जमीन, जिच्यावर पाय ठेवायला बंदी!

तुम्हाला सांगते, निवृत्तीनंतर जग पाहू म्हणून निघालो आणि जगानेच दार लावून घेतलं. ज्या बंदरात नांगर टाकला होता तिथेच अडकलो, आमच्यासारख्याच आणखी डझनभर बोटींसोबत. रोज सकाळी बंदर अधिकारी रेडिओवरून हजेरी घ्यायचा, एकेका बोटीला विचारायचा, ‘सगळे ठीक?’ आणि आमचे हे, ज्यांच्याशी मी साधा माणूस समजून लग्न केलं आणि जे बोट घेतल्यापासून कॅप्टन झालेत, ते छाती फुगवून सांगायचे, ‘सर्व उत्तम, ओव्हर!’

काय उत्तम? पाण्याचा पंप बंद... सर्व उत्तम, ओव्हर! संडासाच्या पंपाचा दांडा माझ्या हातात आला, म्हणजे नुसता दांडाच आला, बाकीचा पंप जागेवर... सर्व उत्तम, ओव्हर! मी म्हटलं, ‘अहो, हे धादांत असत्य विधान आहे.’ तर म्हणे, ‘अगं, ते विधान नाही, धोरण आहे!’ कारण ज्या बोटीवर कुणी आजारी, तिची रवानगी धक्क्याच्या भिंतीबाहेर, उघड्या समुद्रात. आणि तिथल्या लाटा म्हणजे... चहा कपातून उठून स्वतःच फिरायला जातो!

अशात माझी दाढ ठणकायला लागली. दुकान बंद, ताजा पाव नाही, डब्यात उरलेले टोस्ट असे की त्यांनी खिळे ठोकावेत. एक चावला, कट्‌कन आवाज झाला, आणि तो आवाज टोस्टचा नव्हता. गाल टरारून सुजला, ठणका कानापर्यंत. यांनी लवंग दिली, मिठाच्या गुळण्या दिल्या, धीर दिला, आणि सकाळी माझ्या डोळ्यांदेखत रेडिओवर काय सांगितलं? बरोबर!

मग मात्र माझा तोल सुटला. मी गादीवर धपकन बसले आणि सुरू झाले. ‘इथे दाढेने जीव चाललाय, पंपाचा दांडा हातात आलाय, आणि म्हणे सर्व उत्तम! तुम्हाला बायको हवी की नांगर टाकायची जागा? आणि त्या बंदर अधिकाऱ्याला कशाला भ्यायचं? उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा तर आवाज त्या माणसाचा!’ हे म्हणतात, ‘अगं हळू, शेजारची बोट ऐकेल!’ मी म्हटलं, ‘ऐकू दे! सगळं बंदर ऐकू दे!’ आणि मुद्दा ठासून मांडायला उभी राहिले, तर रेडिओतून आवाज आला, ‘मॅडम, उशीचं राहू द्या. दाढ वरची की खालची?’

कळलं ना? माइक गादीवर पडलेला, आणि मी बसले होते ती थेट त्याच्या बटणावर! डझनभर बोटींनी आमचा संसार पंपाच्या दांड्यासकट ऐकलेला! यांचा चेहरा... शीड उतरवल्यावर डोलकाठी दिसते तसा.

हे चाचरत म्हणाले, ‘साहेब, आम्हाला भिंतीबाहेर...’ ‘दाढ एकाची दुसऱ्याला लागत नाही, कॅप्टन. पण सूज दाढेचीच आहे, तापाची नाही, असं कुणा डॉक्टरने सांगितल्याशिवाय मी उतरू देऊ शकत नाही.’ लगेच निळ्या बोटीवरून खणखणीत आवाज, ‘मी डॉक्टर आहे!’ आणि त्याच्यामागून बायकोचा, ‘अहो, गुरांचे!’

आता जवळ यायला बंदी, म्हणून त्या गुरांच्या डॉक्टरांनी माझी दाढ दुर्बिणीतून तपासली. त्यांच्या डेकवरून! हे रेडिओजवळ, मी डेकवर आ वासून. ‘ताई, सूर्याकडे तोंड करा. आणखी उघडा... आणखी... शाब्बास, शाब्बास, हो हो हो...’ मागून त्यांची बायको, ‘अहो, ती म्हैस नाहीये!’ दाढ दिसणार इतक्यात वाऱ्याने आमची बोट वळायची, दाढ सावलीत! मग कॅप्टन वल्हं घेऊन बोटीचं तोंड फिरवणार, बोटीचं फिरलं की मी माझं फिरवणार, आणि सगळ्या बोटींवरून सूचना, ‘डावीकडे!’ ‘अहो त्यांचं डावं!’ ‘जीभ घ्या ना बाजूला!’ तर्कशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या जबड्यावर एवढं सार्वजनिक एकमत कधी झालं नसेल!

अखेर निकाल आला, ‘दाढ तडकली आहे. ताप वगैरे काही नाही. जनावर... माफ करा, बाई धडधाकट आहेत!’ अधिकाऱ्याने स्वतः होडी पाठवली, धक्क्यालगतच्या दंतवैद्याकडे नेलं, दाढ निघाली, ठणका गेला, आणि आमची जागा? होती तिथेच! मी परत येऊन म्हटलं, ‘पाहिलंत? खरं बोलल्याने काही बिघडत नाही.’ जिंकले होते हो मी, निर्विवाद जिंकले होते!

आणि तिथेच माझं चुकलं. कारण दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली, अधिकाऱ्याने विचारलं, ‘सगळे ठीक?’ आणि पहिलीच बोट म्हणाली, ‘आता खरं सांगायचं तर, गुडघा...’ गुडघ्यामागून कंबर, कंबरेमागून सासूबाई! एकाची बायको त्याच्याशी बोलत नव्हती, ते तो सांगत होता आणि ती मागून दुरुस्त करत होती. गुरांचे डॉक्टर प्रत्येकाला दुर्बिणीसमोर उभं करत होते! हजेरी पूर्वी दात घासता घासता संपायची, ती आता उन्हं डोक्यावर आली तरी तिसऱ्याच बोटीवर. चॅनल सोडून उठायचं नाही असा नियम, शेगडीवर बटाटे करपतायत, आणि पलीकडच्या बोटीवरची जुळ्यांची आई स्वतःच्या पित्ताचा इतिहास तिच्या लहानपणापासून सांगतेय...

शेवटी आमची पाळी आली. हे माइक घेऊन माझ्याकडे बघत थांबले, म्हणाले, ‘बोल बाई, तुझंच ते सत्य.’ पंप बंदच होता. दांडा हातातच होता. मी माइक ओढून घेतला आणि एका दमात सांगितलं...

काय सांगणार? सर्व उत्तम, ओव्हर!