आज काय चुकलं

— माझी पोरगी वर्गात गप्प बसते म्हणता? बसणारच. मान खाली ठेवा, बाई, मागचे केस अजून एकसारखे व्हायचेत, कात्री लागेल. बोलायचं काम मी करते. आधी पोरगी धडा घडाघडा म्हणायची आणि मोकळी व्हायची. तुमच्या वर्गात आली आणि गणित सुटलं तरी वही मिटेना — असंच का, दुसऱ्या रीतीनं येईल का — स्वतःच खोडणार, स्वतःच परत मांडणार. कुणी मागे लागायला नको. चार यत्ता शिकलेल्या आईच्या पोटी हे काय आलं म्हणून दुकानात येईल त्याला सांगत होते मी. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी.

पण शाळा सुटताना तुम्ही पोरांना स्वतःला विचारायला लावता ना — आज माझं काय चुकलं, उद्या वेगळं काय करीन — ते तिनं घरी आणलं, जेवायच्या वेळी. आधी बापाला विचारलं. ते म्हणाले, गाडी चुकीच्या गल्लीत घातली, उद्या विचारून घालीन. मग मला. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले — मी आपलं गमतीनं म्हटलं, आजचं काय विचारतेस, तुझ्या बापाला होकार दिला तिथंच चुकलं. तेही हसले. खरंच हसले. पण पोरगी कसली सोडते? मग उद्या वेगळं काय करशील, आई? आणि थांबली. उत्तर येईपर्यंत थांबायचं, हेही तुमचंच. तिथं काहीतरी थट्टा करून उडवून लावायला हवं होतं, की नाही? नाही सुचलं. मी विचार करत बसले, बाई. आणि मला विचार करताना त्यांनी पाहिलं.

ते त्यांच्या बहिणीकडे राहतायत आता. भांडण नाही, आवाज नाही — भांडले असते तर मी पुरून उरले असते. कपडे घेतले आणि गेले. पोरगी म्हणते, मी विचारलं तेच चुकलं ना? तेव्हापासून कुणालाच काही विचारत नाही. तुम्ही सांगा तिला, तिची चूक नाही म्हणून. तुमचं ऐकेल.

— आईनंच सांगावं म्हणता? मी सांगितलं तर म्हणेल, मग कुणाची? आणि माझ्या तोंडाकडे बघत बसेल.

काय बघता आरशात? झाले केस. उठा, पुढच्या बाई खोळंबल्यात.