टेकू नावाचा मुद्देमाल

घड्याळजींनी कुत्रा चोरला असे म्हणून त्यांना सकाळपासून ठाण्यातल्या बाकावर बसवले आहे. कुत्रा त्यांनी चोरलेला नाही, मी दिला आहे. म्हणून हा जबाब. हवालदारांच्या प्रत्येक वाक्यात मी दुरुस्ती सांगू लागले, तेव्हा त्यांनी पेनच माझ्या हातात दिले.

नाव-पत्ता वरच्या चौकटीत आहे. वय एकसष्ट, शिक्षण बी.एस्सी., प्राणी निवाऱ्याची व्यवस्थापक. समक्ष सांगते की,

काल दुपारी घड्याळजी टेकूला न्यायला आले. टेकू भेटेल त्याच्या पायाला टेकून बसतो, म्हणून हे नाव. रंग ~~तांबूस~~ बदामी. घड्याळजींची पत्नी गेल्या वर्षी वारली. महिनाभर ते रोज दुकान बंद करून टेकूला फिरवत होते. याहून जास्त चौकशी आम्ही करत नाही.

आमच्या कॉम्प्युटरवर प्राणी देणे म्हणजे दोन नोंदी: निवाऱ्यातून कमी, नव्या घरी जमा. दोन्ही झाल्या तरच ‘पूर्ण’ असे उमटते. मध्येच बिघाड झाला तर झालेली अर्धी नोंदही रद्द होते, नाहीतर प्राणी कागदोपत्री कुठेच उरणार नाही. प्रत्येक पायरी आधी वेगळ्या डिस्कवरच्या लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजवहीत, उतरते. ‘पूर्ण’ दिसल्याशिवाय मी पिंजऱ्याची कडी काढत नाही. टेकूचे ‘पूर्ण’ दिसले, कडी काढली.

पुढचा नंबर मांजरीचा. तिची पहिली नोंद झाली आणि वीज गेली. मुख्य डिस्क जळाली. मांजर न्यायला आलेले बेकरीवाले “मांजर समोर दिसतेय की हो!” असे ओरडत राहिले. मी दिली नाही.

आज सकाळी माझ्या दिरांनी नवी डिस्क बसवून परवा रात्रीचा बॅकअप चढवला. त्यावर कालचा लॉग चालवायचा, म्हणजे कालच्या नोंदी क्रमाने पुन्हा करून घ्यायच्या, ते राहिले.

“वहिनी, सुरू झाला ना? मग झालं!” असे म्हणून ते चहाला गेले.

“भावजी, सुरू झालाय, पण परवाचा दिवस घेऊन बसलाय,” हे मी म्हटले, तोवर उशीर झाला होता. परवाच्या हिशेबाने टेकू निवाऱ्यात होता आणि घड्याळजींची न्यायची तारीख उलटली होती, म्हणून यंत्राने रांगेतल्या पुढच्या अर्जदार, गाणे शिकवणाऱ्या संगीतबाईंना ‘कुत्रा घेऊन जा’ असा निरोप धाडला. बाई नवे अंथरूण घेऊन आल्या. पिंजरा रिकामा. मी आतून येईपर्यंत त्या तडक ठाण्यात पोचल्या होत्या. हवालदारांना कुत्रा घड्याळजींच्या दुकानात सापडला.

मी ठाण्यात आले तेव्हा साहेब म्हणाले, “बाई, तुमचा कॉम्प्युटरच सांगतोय, कुत्रा तुमच्या पिंजऱ्यात आहे.”

“साहेब, कुत्रा तुमच्या पायाला टेकून बसलाय.”

साहेबांनी खाली पाहिले. पाय मात्र हलवला नाही.

घड्याळजी तोवर एकदाच बोलले होते: “त्याला पाणी दिलंत का?”

दिरांना लॅपटॉप आणि लॉगची डिस्क घेऊन बोलावले. साहेबांना मी आधीच सांगितले, “टेकू घड्याळजींकडे दिसेल, आणि मांजर निवाऱ्यात. ती आत्ता माझ्या खुर्चीत झोपलेली असणार. हवं तर माणूस पाठवून बघा.” दिरांनी सर्वांसमोर लॉग चालवला. टेकू: कमी, जमा, पूर्ण. मांजर: कमी, आणि पुढे काही नाही. तिची अर्धी नोंद यंत्राने रद्द केली. पाठवलेल्या हवालदारांचा फोन आला: मांजर खुर्चीत आहे, उठवू का? उठवू नका म्हटले.

संगीतबाई म्हणाल्या, “मग मला निरोप कशाला पाठवलात? मी अंथरूणसुद्धा आणलं!” निवाऱ्यातर्फे मी त्यांची माफी मागितली. दिरांनीही मागितली, मी बघितल्यावर. बाईंनी तक्रार मागे घेतली. टेकूकडे एकदा पाहून घेतले.

हा जबाब मीच मोठ्याने वाचला, सगळ्यांनी ऐकला. ‘तांबूस’ खोडून ‘बदामी’ केले ते घड्याळजींच्या आग्रहावरून. बाकी घडले तसेच आहे.

ठाण्यात दिले: लॉगची प्रत असलेला पेनड्राइव्ह, एक.

ठाण्यातून मिळाले: मुद्देमाल कुत्रा, एक, पट्ट्यासह, सुस्थितीत, साहेबांच्या पायापासून सोडवून घड्याळजींच्या ताब्यात. अंथरूण, एक, नवे. संगीतबाईंनी परत नेले नाही, तेही घड्याळजींच्याच ताब्यात.