रिंगशिवायची फायनल

संध्याकाळचे साडेपाच, कतारगामचं बास्केटबॉल मैदान. कोरोनामुळे महिला लीगची फायनल अर्ध्यावर थांबली होती. लॉकडाऊन उठल्यावर कतारगाम आणि बारडोलीच्या मुली ती पुरी करायला आपणहून आल्या. बघतात तर बोर्ड आहेत, रिंगा नाहीत! गर्दी जमू नये म्हणून लीगवाल्यांनीच काढून नेलेल्या.

बारडोलीची कप्तान हेतल वैतागली. "आता बॉल काय आभाळात टाकायचा?"

आमच्या कतारगामची कप्तान मनीषा, धुळ्याहून आलेल्या लूमवर कापड विणणाऱ्या कारागिराची पोर, हसली. "रिंग कुठे होती ते हाताला ठाऊक आहे. गेला की नाही, ते समोरच्या टीमने सांगायचं. बोल, खेळतेस?"

आणि खेळल्या हो! चेंडू सोनेरी उजेडात तरंगत जायचा आणि सगळ्या माना वर करून थांबायच्या. शेवटी बरोबरी झाली. मनीषाने टाकलेला शेवटचा चेंडू रिकाम्या हवेतून अलगद उतरला. सगळ्यांनी हेतलकडे पाहिलं. कप आता तिच्या शब्दावर होता.

"गयो," ती तिच्या गुजरातीत म्हणाली. "अंदर ज गयो."

स्कोअर कळवायला मी लीगच्या सेक्रेटरीला फोन लावला. "ही फायनल धरता येणार नाही," तो म्हणाला. "रिंगच नव्हती ना."

"मग ती परत कधी लावताय?"

त्याने फोन ठेवला. मैदानात आजही नुसते बोर्ड उभे आहेत.