पावाच्या गाडीतल्या दोन सायकली

...आणि वर मलाच विचारतात हो, "आजोबा, पाव आहे का?" पाव! तुम्हाला सांगतो, त्या गाडीच्या अंगावरचे बेकरीचे नाव मी स्वतःच्या हातांनी खरवडले, घासले, त्यावर निळा रंग चढवला, वाळू दिला, पुन्हा चढवला, तरी जरा ऊन पडले की ते नाव आतून हळूच वर येते, जणू गाडीचे पूर्वजन्मीचे संस्कार! आणि वासाचे तर विचारूच नका. इंजिन तापले की गाडीच्या पोटातून ताज्या पावाचा असा घमघमाट सुटतो की सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला काचेवर टकटक करतो, "काका, गरम आहे का?" अहो, आहे गरम, पण ते इंजिन! आत पाव नाही, सायकली आहेत, दोन सायकली, आणि त्या सायकलींचे काय झाले ते... नाही, थांबा. असे मधूनच सुरू करणे मला मान्य नाही. ज्या गोष्टीला आरंभ आहे ती आरंभापासूनच सांगितली पाहिजे. तुम्ही फक्त ऐका, आणि शेवटी निःपक्षपातीपणे मला एवढेच सांगा, की यात माझे काय चुकले?

तर आमच्याकडे दोन सायकली. काळ्या, वजनदार, मागचे चाक अधांतरी उचलणाऱ्या जुन्या पद्धतीच्या स्टँडच्या. आजकालच्या काड्यापेटीतल्या काडीसारख्या नव्हेत. आमची ही पोस्टात होती आणि मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. सगळी नोकरी आम्ही बरोबरीने सायकलीवर केली. बरोबरीने म्हणजे ही पुढे आणि मी मागे. पोस्टाच्या दारात ती उतरायची, घंटी एकदा वाजवायची, आणि मी पुढे जायचो. पुढे निवृत्ती आली, आणि तिच्या हातात हात घालून हिचे गुडघे आले. डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, उत्तम आहे, पण सपाटीवर. चढ अजिबात नको." आता आमचे घर कुठे? भर उतारावर! दाराबाहेर डावीकडे वळावे तर चढ, उजवीकडे वळावे तर उतार, आणि जो उतरला त्याला घरी यायला चढावेच लागते, हा निसर्गनियम आहे, त्याला मी काय करणार? सपाट रस्ता एकच, गावाबाहेरच्या तळ्याकाठचा. म्हणून सायकली बसल्या व्हरांड्यात. हँडलला छत्र्या, कॅरिअरवर रद्दी! आणि ही रोज संध्याकाळी फडक्याने आपली सायकल पुसणार आणि म्हणणार, "तळ्याकाठी एकदा चालवायची हो मला. एकदाच."

आता अशा वेळी नेमके कोणी टपकावे? मेहुण्यांनी! हिचा धाकटा भाऊ. आला, चप्पल काढली, आणि नमस्कार करायच्या आधी अंगठ्याने टायर दाबून पाहिला! "ताई, नुसती पडून आहे गं. माझ्या लेकीला दे ना, कॉलेजला जाईल तरी." मला वाटले, ही आता त्याला झाडणार. हिने फक्त अंगठ्याने घंटी एकदा वाजवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "या महिन्यात तळ्याकाठी गेली तर गेली. नाहीतर घेऊन जा भाचीला." तुम्हाला सांगतो, हिला रागावताना मी पुष्कळ पाहिले आहे, त्याचे मला काही वाटत नाही. पण हे ती इतक्या समजूतदारपणे बोलली की मी खुर्चीतून उठलोच. बायको समजूतदार झाली की समजावे, पाणी डोक्यावरून गेले!

म्हणून मी गाडी घेतली. जुनी, बेकरीची, आत रिकामी, मागे दोन झडपांचे दार, बाजूला दार नाही. पावाला बाजूने उतरायची हौस नसते. मेहुणे गाडीभोवती एक फेरी मारून म्हणतात, "भाऊजी, हे भंगार आहे."

मी म्हटले, "भंगार नव्हे, जुनी. दोहोंत भेद आहे."

"हो, भंगार वजनावर मिळतं!"

हसा म्हटले, हसा. पण मला त्या गाडीत काय दिसत होते, ते तुम्हाला सांगू? मागे सायकली, बाजूला बाक, बाकाखाली चादरी, कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह, खिडकीला पडदा, आणि हात लांबवला की पुस्तक! सकाळी निघावे, तळ्याकाठी उतरावे, दोघांनी एक चक्कर मारावी, चहा घ्यावा, वाचावे, दिवसाउजेडी परत यावे. अहो, राजेमहाराजे तरी आणखी काय करत होते? मी या वयात आनंदाने शीळ घातली. शीळ! ही आतून विचारते, "कुकर लावलाय का मी?"

आणि काम मी अभ्यास करून केले हो. ग्रंथालयातून सुतारकामावरची होती नव्हती ती सगळी पुस्तके आणली, वाचली, समासात कोणीतरी पेन्सिलीने केलेल्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा दुरुस्त केल्या. एका पुस्तकात स्पष्ट छापले आहे, "जी वस्तू ठेवावयाची ती प्रथम जागेवर उभी करावी, आणि मगच भोवतीचे काम करावे." वा! काय वाक्य आहे! लाखात एक! मी तंतोतंत पालन केले. सर्वप्रथम सायकली आत नेल्या. गाडी रिकामी, दार सताड, सायकली हसत हसत आत गेल्या! त्याही कशा? बाहेर काढताना सोपे जावे म्हणून मुद्दाम तोंड दाराकडे करून! दूरदृष्टी म्हणतात ती हीच. चाकांसाठी लाकडात खाचा केल्या, स्टँड लावले, पट्ट्यांनी जखडले, आणि मग भोवती काम सुरू. आता यात माझे काय चुकले, सांगा!

फळ्या बसल्या. बाक झाला. चाकांमागे थोडी जागा वाया जात होती, तिथे अवजारांसाठी एक सुरेख खण केला; हातोडी, पाने, पेचकस, सगळे ज्याच्या त्याच्या जागी. हिने जुन्या चादरींचे पडदे शिवले आणि चक्क म्हणाली, "बरं दिसतंय." आमच्याकडे हा सर्वोच्च पुरस्कार समजला जातो. मग दाराच्या एका बाजूला स्टोव्हचे कपाट, दुसऱ्या बाजूला पुस्तकांचे. स्टोव्हचे कपाट निर्विघ्न पार पडले. पुस्तकांचेही पडले असते, पण माझा शब्दकोश! मोठा, जाड, कापडी बांधणीचा. कपाटात ठेवला तर चार बोटे बाहेर!

ही म्हणाली, "आडवा ठेवा."

शब्दकोश आडवा? अहो, आडवे ठेवतात ते आजाऱ्याला! मी म्हटले, "तो उभाच राहील."

"मग घरी ठेवा. तळ्याकाठी कुठला शब्द अडणार आहे तुमचा?"

शब्द कुठे अडेल हे सांगून अडतो का? मी कपाटच चार बोटे वाढवले. आणि जे करायचे ते कायमचे, म्हणून खिळे ठोकले, वर असा सरस लावला की दुकानदार म्हणाला, "काका, नीट विचार करून लावा. हा सुटत नाही. तुमच्या पणतवंडांनाही सुटणार नाही." मी म्हटले, "मला हवा तोच."

रविवार उजाडला. ही कॅनव्हासचे बूट घालून तयार. तुम्हाला सांगतो, पायात पोस्टाच्या दिवसांतले बूट, आणि दर थोड्या वेळाने मागे वळून पाहते, सायकली आहेत ना! जणू त्या मधल्या स्टॉपवर उतरणार होत्या. पाठोपाठ स्कूटरवर मेहुणे. कशाला? तर म्हणे, "गंमत बघायला." पण स्कूटरच्या हँडलला काय लोंबकळत होते? दोरी! सायकल बांधून न्यायची दोरी! बघा, नात्यातला माणूस आशा किती चिवट धरतो!

तळे आले. काय सकाळ! पाणी कसे, नुकत्याच पुसलेल्या काचेसारखे. रस्ता सपाट, गुळगुळीत, त्यावरून लहानथोर सायकलींवर चाललेले. मी ऐटीत गाडी उलटी लावली, दार तळ्याकडे करून. ऐटीत उतरलो. ऐटीत दोन्ही झडपा उघडल्या. पट्ट्या सोडल्या, हिची सायकल खाचेतून उचलली, पुढे ओढली आणि...

खट्!

हँडल अडले. एक मूठ स्टोव्हच्या कपाटाला, दुसरी पुस्तकांच्या. मी म्हटले, जरा तिरपी करू. तिरपी केली तर पेडल बाकात. कपाटांवरून उचलू, तर घंटी छताला.

मेहुणे म्हणाले, "भाऊजी, हँडल वळवा."

वळवले! हँडल वळवले की पुढचे चाकही वळते हो, ते सायकलीच्या रचनेतच आहे! हँडल सुटले तर चाक अडले, चाक सरळ केले तर हँडल अडले. अडचण किती? चार बोटे! बरोबर चार!

मेहुणे म्हणाले, "हँडलच काढा मग. पाना आणा."

"पाना खणात आहे."

"खण उघडा."

"खण चाकांमागे आहे."

"मग?"

"सायकली बाहेर काढल्या की उघडतो."

मेहुणे खाली गवतावर बसले. मला वाटले चक्कर आली. हसत होते! आवाज निघत नव्हता, नुसता माणूस हलत होता. मी त्यांना सांगत होतो, "अहो, पुस्तकात छापले आहे, वस्तू प्रथम जागेवर उभी करावी..." आणि ते पोट धरून, "उभी आहे की, भाऊजी! जन्मभर उभी राहील!"

पण ही हसत नव्हती. ही रस्त्याकडे पाहत होती. समोरून एक बाई गेली, हिच्याच वयाची, घंटी वाजवत. बुटांची नाडी हिने घट्ट केली होती, ती हिने वाकून सैल केली. तुम्हाला सांगतो, शंभर शिव्या परवडल्या, पण ती सैल केलेली नाडी... मी म्हटले, आता ही भावाला म्हणणार, ने. गाडी फोडून ने.

ती माझ्या खांद्याला धरून गाडीत चढली. सायकल पुन्हा मागे सारली, स्टँडवर चढवली, मागचे चाक उचलले गेले. बाकावर पाय ठेवून, सांभाळून, सीटवर बसली. आणि पेडल मारले.

फिरले हो चाक! गरगरत, मस्त, सुंऽऽ करत फिरले! डायनॅमो घासला, पुढचा दिवा लागला, आणि त्याचा उजेड नेमका कुठे पडावा? शब्दकोशावर! दोन कपाटांच्या मधून समोर सगळे तळे, तळ्यावरचा वारा थेट हिच्या तोंडावर, पदर मागे उडतो आहे, आणि हिने घंटी वाजवली, "ए, सरक रे! रस्त्यात बसलास!" भावाला! मेहुणे खरोखर सरकले!

मी तसाच उभा. तर मला म्हणते, "अहो, बघता काय? बसा. का मी एकटीच जाऊ पुढे?"

बसलो. काय करणार? शेजारच्या सायकलीवर बसलो आणि मारू लागलो पेडल. आता दोन्ही सायकली खिळल्यासारख्या एका जागी, बरोबर? तरी मला म्हणते, "नेहमीसारखे मागे राहताय!" आणि खरे सांगू? मला राहिल्यासारखे वाटले! मी जोर लावला!

मेहुण्यांनी खालून विचारले, "ताई, कुठवर आलीस गं?"

"पोस्टापर्यंत," ही म्हणाली, आणि घंटी एकदा वाजवली.

माझ्या डोळ्यात काहीतरी गेले होते. वाऱ्याने जाते.

आणि नेमके तेव्हा, अगदी तेव्हा, दारासमोर एक गृहस्थ पिशवी घेऊन उभे! मागे आणखी दोघे. रांग! "आजोबा, पाव आहे का?" समोर दोन म्हातारी माणसे घाम गाळत उभ्या गाडीत सायकल हाणत आहेत, भरदिवसा दिवा लावून, आणि या सद्गृहस्थांना प्रश्न पडतो पावाचा! मी म्हटले, "नाही!" तर म्हणतात, "मग कधी येऊ?"

निघताना मेहुण्यांनी दोरी चाचपत विचारले, "मग ताई, सायकलीचं काय?"

ही म्हणाली, "ने की. निघत असेल तर ने."

बिचारा दोरी घेऊन आला तसा गेला. दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांकडून पाना आणला. हँडल सैल करणे म्हणजे काय, हातचा मळ. चढलो गाडीत, तर ही दारात कमरेवर हात ठेवून! "खबरदार हात लावलात तर! चढ नाही, खड्डा नाही, ट्रक नाही, गुडघा दुखला की तिथेच चहा. अशी सायकल जगात कोणाची आहे? ठेवा तो पाना! आणि पुढच्या रविवारी नदीकडे तोंड करून लावा, तळं बघून झालं."

म्हणजे पाहा, सायकली मोकळ्या रस्त्यावर चालाव्यात म्हणून मी गाडी घेतली, आणि आता गाडी मोकळ्या रस्त्यावर चालते ती सायकली उभ्या राहाव्यात म्हणून! मी पाना परत केला. आणि परतताना कोपऱ्यावरच्या बेकरीत सांगून आलो, रविवारी सकाळी चार डझन पाव काढून ठेवा, लवकर. नाहीतरी लोक मागतातच, आणि पेडल मारताना हात तर मोकळेच असतात... आता यात माझे काय चुकले, सांगा!