हिरव्या गोलातलं अंगण

नाही नाही, हासारामदादा, बिघडलेलं नाही. चालतं. चांगलं चालतं — म्हणून तर परत आणलंय. कुठे ठेवू? इथे, या लष्कराच्या जुन्या टोप्यांवर? बॅटरीची पेटी जरा धरता का, खांदा उतरलाय माझा — अगं बाई! काय पडलं? डबा होय. हसू नका, मी अशीच दचकते, हल्ली तर कुणी खाकरलं तरी. तुम्ही विश्वासानं घरी वापरून बघायला दिलंत, तसंच्या तसं आणलंय, काचेला फडकंसुद्धा मऊच लावलं. आता तुम्ही म्हणणार, चालतं तर परत कशाला? सांगते. पण आधी माझं एक काम करा. आमचे हे येतील आत्ता — आज कारखाना अर्धाच दिवस — लेकीला, ठमीला, शाळेतून घेऊन, अंबरनाथहून सायकलनं थेट इथेच. त्यांना सांगा, यंत्राला दुसरं गिऱ्हाईक लागलं. पुण्याचं म्हणा. खोटं आहे हो, मला का कळत नाही — पण तुमच्या तोंडून ते खरं वाटेल, माझ्या तोंडून नाही वाटणार.

तुम्ही मला ते 'अंधारात दिसणारी दुर्बीण' म्हणून दिलंत. दुर्बीण नाही ती. मी इंटर सायन्सपर्यंत शिकले, मला तेवढं तरी कळायला हवं होतं. हा वरचा दिवा बघा, काळ्या काचेचा — पेटला तरी आपल्याला पेटलेला दिसत नाही. लाल रंगाच्या पलीकडचे किरण असतात त्याचे. ते भिंतीवर, झाडावर, माणसावर आपटून परत येतात, या नळीत शिरतात, आणि नळी त्यांचं चित्र करून मागच्या छोट्या पडद्यावर उमटवते. हिरवं. लढाईत गोरे शिपाई वापरायचे म्हणालात ना? बिचारे कसे वापरत असतील कोण जाणे. दिवा जिकडे, तिकडेच दिसतं, बाजूला काळोखच. धुकं आलं की सगळं दुधात कालवल्यासारखं. शेजारच्या बनूबाईंची चूल पेटली, धूर आला, की अंगण नाहीसं. बॅटरी उतरली की चित्र मरगळतं. त्यांनी कंदील बाहेर आणला, तर पडदा असा भरून गेला की मी यंत्रच टाकणार होते हातातून. एक मात्र सांगते, तुळस पांढरीशुभ्र दिसली. पान न् पान. मी बघतच राहिले.

कुणासाठी नेलं होतं, ते तुम्ही विचारलं नाहीत. चांगलं केलंत. यांच्यासाठीच. यांना दिवेलागणीनंतर दिसत नाही. रातांधळे आहेत. — घ्या, बोलून गेले. लग्नानंतर कळलं मला. सासूबाईंनी आधी सांगितलं नव्हतं. त्या सोनिवलीला असतात, तिकडून हादग्याच्या पाल्याची जुडी पाठवतात, मी रस काढून देते, हे नाक धरून पितात. कारखान्यात कुणाला ठाऊक नाही. संध्याकाळी फाटकाशी मी आणायला जाते. मी पुढे, हे मागे — माझ्या बांगड्यांच्या आवाजानं चालतात. म्हणून तर या, कोपरापर्यंत. चाळीतल्या बायका काय कमी बोलतात? बनूबाई एकदा नळावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कॉलेजात हेच शिकवतात का गं, नवऱ्याच्या पुढे चालायचं? आणि बांगड्या बघा, कालच मांडवातून उतरल्यासारख्या!" मी हसले. काय करणार?

दिवसा सायकल, संध्याकाळी बांगड्या — चाललं होतं. पण आता फोरमन म्हणतात, रात्रपाळी सगळ्यांना, आळीपाळीनं. आत दिवे असतातच हो, प्रश्न रस्त्याचा. मी रात्री फाटकाशी उभी राहू का? म्हणून तुमच्या दुकानात हे दिसलं आणि माझा जीवच त्यात अडकला. कशी शक्कल लढवली, नाही का? पडदा तर उजळ असतो — डोळ्याला अंधारात बघायचंच नाही, उजेडातलं चित्र बघायचं. आणि दादा, चाललं! परवा काळोख पडल्यावर अंगणात यांच्या हातात दिलं. यांनी ते डोळ्याला लावून हळूहळू सगळीकडे फिरवलं. मग म्हणाले, "अगं, तुळस दिसतेय. पायरी दिसतेय." आवाज असा झाला होता... मी कधी ऐकला नव्हता तसा. मला म्हणाले, तूही बघ. मी डोळा लावला, आणि मीच आपली तक्रार केली — एवढासा गोल, नळीतून बघितल्यासारखं, बाजूचं काहीच नाही, चालणार कसं माणूस? तर हे हसले. म्हणाले, "काय चोखंदळ गं तू! दिवसा तरी आणखी काय दिसतं?"

हो, असंच म्हणाले. दिवसा तरी आणखी काय दिसतं.

पाणी नको. बरी आहे मी. दुसऱ्या दिवशी सकाळी — लख्ख ऊन होतं — हे चहा पीत बसले होते आणि ठमी यांच्या बाजूला उभी, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर, वेणीची रिबीन तोंडात धरून. आणि हे समोर बघून हाका मारताहेत, "ठमे, ये गं बाहेर, उशीर होतोय!" पोरीला वाटलं बाबा थट्टा करताहेत. ती खुदकन हसली, तेव्हा यांनी मान वळवली. मी एकटीच कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "त्यांना घेऊन या. पण तुम्ही सांगता तसं असेल तर नजर कडेकडेनं मिटत येते, बाई, आणि त्याला औषध नाही." हे तर उद्या रात्रपाळी मागून घेणार आहेत! एवढे खूश आहेत. यांना ठाऊकच नाही की बाकीच्यांना यापेक्षा जास्त दिसतं. कुणाला कसं ठाऊक असेल? दुसऱ्याच्या डोळ्यांत कोण जाऊन बघतं? म्हणून म्हटलं, यंत्रच गेलं तर निदान रात्रपाळीचं खूळ जाईल, आणि बाकीचं... बाकीचं मी हळूहळू, कधीतरी —

ती घंटी. यांचीच आहे. ठमी दांड्यावर बसते ना पुढे, सारखी वाजवत असते, रस्ता मोकळा असला तरी. मी रागावते तिला, कान किटतात म्हणून — बघा ना, तो हातगाडीवाला, बाजूनं येतोय — अहो! अहो, थांबा! — थांबले. तो शिव्या देतोय आणि हे हसताहेत. ऐकलंत? ठमी काय ओरडली, ऐकलंत? "बाबा, डावीकडे!" सरावल्यासारखी. पोर रोज... देवा. कधीपासून करतेय ही हे?

नको, दादा. पुण्याचं गिऱ्हाईक नको. तुम्ही काहीच बोलू नका.

या. इकडे, आवाजाच्या दिशेनं — पायरी आहे. ठमे, उतर. सायकल राहू द्या भिंतीशी. अहो नाही, यंत्र चांगलं आहे, यंत्राचं काही नाही. बसा तुम्ही. बसा म्हणते ना. हासारामदादा, दुकान तुमचं आहे, पण ठमीला घेऊन जरा बाहेर थांबता का? हो, आत्ताच. आणि दार ओढून घ्या.