पिशवीतला नारळ

चिखलीच्या स्टँडवर, एसटीच्या रांगेत, कॉलेजला निघालेल्या प्रतीक्षाच्या पुढ्यातच भगवानराव बायकोची पिशवी उपसत होते. देवाधर्माची चिकित्सा करत जन्मभर भाषणं देत हिंडलेला माणूस, पण आज आवाज पार बसला होता.

"माहा नारळ कुठी गेला वं?"

"बाहेरच्या मारोतीले देला. म्हटलं, भाषणापुरता तरी तुमचा घसा सुटू दे."

"अवं, त्याच्या शेंडीत सोडियम होतं! पाणी पडलं की पेटते. बुवा मंत्रानं नारळ कसा पेटवते, ते गावाले दाखवणार होतो मी."

"तरीच! पुजाऱ्यानं पाणी शिंपडलं, तं भडकाच उडाला."

"कोणाले लागलं तं नाही?"

"नाही. सारे लोटांगण घालून राह्यले."

"अरे देवा!"

"त्याले काऊन बोलावता? तुम्हीच चला. गर्दी आयतीच जमली हाय."