गव्हर्नरसाहेब अजून पदावर आहेत

—नाही हो, कपाटाचे वरचे तीन खण रिकामेच आहेत, जाहिरात बघून आलात ना, मग खुशाल उचला. फक्त खालच्या खणातल्या माणसाला हात लावू नका, रणजित. माणूस म्हणजे— फाइल. होरेस टिलमन, अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याचा जुना गव्हर्नर. तुम्ही कुठून ऐकलं असणार? तिकडेही कुणाला माहीत नसेल. आमच्या यतीननं, माझ्या नवऱ्यानं, त्याचं मराठीत चरित्र लिहायला घेतलं होतं. का? ते मी आठ वर्षं विचारत होते! दिवसभर तिकडे झुइडासच्या ऑफिसात बँकेचं सॉफ्टवेअर आणि इकडे झूटरमेरला घरी आला की टिलमन. जेवायला बसलं की तिसरं ताट त्याचं— आज काय, तिकडच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, निवडून आला. उद्या काय, रेल्वेवाल्यांशी भांडला. मग म्हणे गव्हर्नरपदाला उभा राहिलाय. मी म्हणायचे, अरे, आण बाबा एकदाचा निवडून, पोळ्या गार होतायत.

आणला. बाराव्या प्रकरणात शपथ झाली, आणि मार्चमध्ये यतीन— हो, हार्ट. सायकलवरच. असो. चहात साखर?

अमृता, मुलगी माझी, म्हणाली, आई, छोट्या घरात जातेयस, हे सगळं खालच्या रद्दी कागदाच्या कंटेनरमध्ये टाक. गेले होते की खाली! झाकण उघडलं आणि वाटलं, शपथ घेऊन माणूस नुसता उभा आहे, त्याला निदान एक दिवस काम करू द्यावं. म्हणून एकच पान लिहिलं. आणि माझं इतिहासाचं ज्ञान दहावीपर्यंतचं— पहिल्याच पानावर त्याच्याकडून पुलाचं भूमिपूजन करवलं, नारळ फोडून! मग लक्षात आलं, अरे, हा ख्रिश्चन. नारळ खोडला. पेढे ठेवलेत.

यतीनच्या टिपणांत पुढचं आहे ना— पुढची निवडणूक हरतो, घरी जातो, सहा महिन्यांत संपतो. चार ओळी. माझी एकशे चाळीस पानं झाली, मी निवडणूक येऊच देत नाहीये. काल अडीच तास भाषण करायला लावलं.

चरित्रात असं चालत नाही म्हणता? कळतं हो मला. पण तो संपल्याचं ते वाक्य एकदा लिहिलं, की मग ताट एकच— जाऊ दे.

आणि कपाटाचं म्हणाल तर, तुमच्या त्या पेटीवाल्या सायकलवर ते मावणार नाही. मोजलंय मी. काल, तुमचा फोन आल्यावर लगेच. तुम्ही तो दिवा न्या, चांगला आहे. या आता— नाही, खरंच या.